मृत्यूच्या दाखल्यावर कारण नसतं, मग ते मिळतं कुठे?

ताई, सासऱ्यांबद्दल वाचून वाईट वाटलं. ते गिरगावातल्या राहत्या घरी वारले, महापालिकेचा दाखलाही आला, पण त्यावर मृत्यूचं कारणच नाही आणि विमा कंपनी तेच मागतेय, असं तुम्ही लिहिलंय. दाखल्यात चूक नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कारण दाखल्यावर छापताच येत नाही.

कारण असतं ते डॉक्टरांच्या कागदावर: रुग्णालयात मृत्यू झाला तर फॉर्म ४, घरी झाला तर फॉर्म ४ अ. शेवटच्या आजारात ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांनी तो द्यायचा, तोही विनाशुल्क. घरी मृत्यू झाला तर हा कागद आपणच जन्म-मृत्यू निबंधकाकडे नेऊन देतो, म्हणून देण्याआधी झेरॉक्स काढून ठेवावी. तुमच्याकडे नसेल तर आधी त्या डॉक्टरांना भेटा. विमा कंपनीचा डॉक्टरांनी भरायचा वेगळा फॉर्मही असतो, तो सोबत न्या.

त्या कागदावर नुसतं ‘हृदयक्रिया बंद पडली’ असेल, तर पेच तिथेच आहे. हृदय शेवटी सगळ्यांचंच थांबतं. ते कारण नव्हे. फॉर्मच्या पहिल्या भागात एकाखाली एक ओळी असतात. वर तात्कालिक कारण, समजा फुप्फुसात पाणी. त्याखाली ते कशामुळे, मूत्रपिंडं निकामी. सगळ्यात खाली मूळ आजार, मधुमेह. प्रत्येकापुढे किती काळापासून तेही लिहायचं. रक्तदाबासारखे हातभार लावणारे आजार दुसऱ्या भागात. शहरात माणसं कशाने जातात याचा हिशेब त्या खालच्या ओळीवरून होतो, म्हणून ती कोरी राहिली की मला फार खटकतं. जुने रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवायचे, पण काय लिहायचं हे त्यांनीच ठरवायचं. विम्यासाठी एखादा आजार गाळायला मात्र कधीही सांगू नका.

इतरांसाठी: नोंद २१ दिवसांत करायची, आणि जिथे मृत्यू झाला तिथे. डोंबिवलीचा माणूस परळच्या केईएम रुग्णालयात वारला तर नोंद मुंबई महापालिकेकडे. वर्ष उलटलं तर, १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या कायद्यातल्या दुरुस्तीनुसार, जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. पडून, भाजून किंवा विषबाधेने मृत्यू झाला असेल तर फॅमिली डॉक्टरांना कागदासाठी गळ घालू नका, आधी पोलिसांना कळवा.

आणि ताई, दाखल्यावरचं नाव पॉलिसीवरच्या नावाशी अक्षरन्‌अक्षर जुळवून बघा. फरक असेल तर त्याच कायद्याच्या कलम १५ खाली दुरुस्ती होते. अर्ज जिथे मृत्यूची नोंद झाली त्याच वॉर्ड ऑफिसात द्यायचा.