हॉलच्या भिंतीचं आधी लेखी घ्या, पळस मग फुलवा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ज्येष्ठ मंडळातल्या सगळ्यांनी मिळून वसंताची कागदी सजावट करायची, भिंत भाड्याच्या हॉलची, बऱ्याच जणींच्या बोटांत संधिवात, एक-दोघांचे हात थरथरतात, आणि हॉलवाले विचारलं की "लगा लेना, देख लेंगे" एवढंच म्हणतात. कागद कोणता घेऊ, असं तुम्ही विचारलंय. कागदाचं सांगतेच, पण ते "देख लेंगे" वाचून माझ्या पोटात गोळा आला.

आमच्या मंडळाला अगदी हेच उत्तर मिळालं होतं. हॉलचं नाव घेत नाही. पुन्हा त्यांच्याच दारात उभं राहायची वेळ यायची. ऑफिसातल्या माणसानं फोनवर तोंडी हो म्हटलं. पावतीवर भाडं आणि डिपॉझिट, सजावटीबद्दल अक्षर नाही. लिहून द्या म्हटलं तर "आंटीजी, आपको कौन रोकेगा" म्हणून हसला. आदल्या संध्याकाळी आम्ही जाऊन भिंत भरली आणि समाधानानं घरी आलो. सकाळी बघतो तर भिंत कोरी. रात्री कोणी साहेब फेरीवर आले, त्यांना भिंतीवर टेप दिसला, आणि त्यांनी सफाईवाल्याला सांगून सगळं ओरबाडून काढायला लावलं. पळसाच्या फांद्या, आंब्याचा मोहोर, गौरीची पावलं, सगळं सुक्या कचऱ्याच्या डब्यात. इंदूर आहे, ओल्यात नाही टाकलं एवढी शिस्त!

त्यावर कडी म्हणजे "दीवार खराब की" म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापले. रंगाचे पोपडे आधीपासून सुटलेले होते, उरलेला रंग त्यांच्याच माणसानं ओढताना निघाला. पण दाखवायला आधीचा फोटो कोणाकडे? तक्रार घेऊन गेलं की ऑफिसातले म्हणणार अकाउंटवाल्यांना विचारा, अकाउंटवाले म्हणणार बुकिंगवाल्यांना, आणि बुकिंगवाल्यांचे साहेब कायम मीटिंगमध्ये. फोनवर हो म्हणणाऱ्याची म्हणे बदली झाली. पैशांचं जाऊ द्या. किती तरी दुपारी बसून केलेलं काम होतं ते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हातात कात्री धरलेल्या एक काकू होत्या त्यात. ज्येष्ठांचा सत्कार म्हटलं की शाल-नारळ घेऊन सगळे पुढे असतात, एक सही मागितली की कोणाचं पेन चालत नाही. असो, रक्तदाब वाढतो माझा.

तर आधी अर्ज. हिंदीत, दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर पोच-शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. कोणती भिंत, कशानं टांगणार, कधी लावणार, कधी काढणार, डिपॉझिट नेमकं कशासाठी कापलं जाईल, हे सगळं त्यात असू द्या. भिंतीचे फोटो अर्जालाच जोडा. शिक्का मिळत नसेल तर माझ्या मते हॉल बदला किंवा सरळ कोणाच्या तरी दिवाणखान्यात हळदीकुंकू करा. काही ठिकाणची माणसं खरंच चांगली असतात, सगळ्यांना एका मापानं मोजत नाही. पण चांगल्या माणसाला सही द्यायला त्रास का व्हावा?

आणि शिक्का मिळाला तरी भिंतीला टेप लावू नका. डिस्टेंपरच्या भिंतीवर भुकटी सुटते. साधा टेप तासाभरात गळतो आणि दुहेरी टेप निघताना रंग घेऊन निघतो. जुनी गडद चादर किंवा बिनकाठाची साडी पडद्याच्या रॉडवरून सोडा आणि सजावट तिच्यावर टाका घालून किंवा टाचणीनं लावा. किंवा फ्रिजच्या खोक्याचे पुठ्ठे सुतळीनं टांगा. यात अजून एक फायदा आहे, माझ्या लेखी तोच सर्वांत मोठा: सगळं काम टेबलाशी बसून होतं, सत्तरीच्या पुढचं कोणी स्टुलावर चढत नाही. कार्यक्रम झाला की गुंडाळून घरी. चैत्रगौर चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर असते, तीच चादर मग घरोघरी फिरते.

आता करायचं काय. इथे माझं मत जरा कडक आहे, राग मानू नका. वसंत म्हटलं की लोक बालवाडीतली फुलपाखरं आणि डोळे मिचकावणारा सूर्य काढून देतात, वर "आजी, किती छान!" अशी शाबासकी. ज्या बाईनं आयुष्यभर गौरीपुढे चैत्रांगणाची रांगोळी काढली तिला फुलपाखरात रंग भरायला का बसवायचं? शंख, चक्र, कमळ, कासव, नाग, गाय-वासरू, तुळशीवृंदावन, गौरीचा पाळणा, हे आकार त्यांच्या हातात आहेत. ते गडद मरून पुठ्ठ्यावर पांढऱ्या कागदाचे कापून लावले की रांगोळीच भिंतीवर उभी राहते. आमच्याकडे माळव्यात वाढलेल्या बायकांना संजाही आठवते, मुली भिंतीवर चित्रं मांडतात ती. ती पितृपक्षातली, वसंताशी तिचा संबंध नाही, पण भिंतीवर चमकीची पन्नी लावत किलाकोट, म्हणजे संजाचं शेवटचं मोठं चित्र, सजवलेले हात आहेत ते. त्यांना काही शिकवायला लागत नाही, कागद पुढे ठेवायचा आणि आपण चहा टाकायचा.

पळस मात्र कराच. क्रेप कागद घ्या, नारिंगीत लाल झाक असलेला. पाकळी कापताना कागदाच्या सुरकुत्या पाकळीच्या लांबीत याव्यात, मग दोन्ही अंगठ्यांनी मधोमध आडवं ताणलं की आपोआप खोलगट होते. घडी घालावी लागत नाही, म्हणून संधिवाताच्या बोटांना हे झेपतं. खऱ्या फुलाला पाच पाकळ्या असतात, भिंतीसाठी चार तुकडे पुरतात: एक रुंद मागे वळलेली, दोन बाजूच्या अरुंद, आणि पुढे पोपटाच्या चोचीसारखी बाक असलेली. ती चोच चमच्याच्या पाठीवर ओढून वळवा. देठाशी काळपट तपकिरी मखमली कागदाची वाटी. फांदी वर्तमानपत्राची सुरळी, वरून खाकी कागद; तार नको, टोचते. आमच्यात यावरून चांगलं भांडण झालं होतं. एक आजोबा म्हणत होते पळसाला पानं तीनच, तेव्हा तीन तरी लावा. पण पळस फुलतो तेव्हा फांदीवर पानं जवळजवळ नसतातच. शेवटी एका फांदीला लावली, एका फांदीला नाही, आणि दोन्ही बाजू आपलंच बरोबर समजून खूश.

ज्यांचा हात थरथरतो त्यांना कात्री देऊच नका, फाडकाम आणि गोळ्या द्या. पिवळसर आणि फिक्या हिरव्या पतंगी कागदाच्या बारीक गोळ्या वळून खळीनं चिकटवल्या की आंब्याचा मोहोर होतो, वेडावाकडा झाला तर उलट जास्त खरा दिसतो. कागद एका दिशेनं सरळ फाटतो आणि दुसऱ्या दिशेनं वाकडा, हे आधी फाडून बघा आणि सरळ दिशा पेन्सिलीनं खूण करून द्या. कात्री चालवणाऱ्यांसाठी शिंप्यांची दोरा कापायची छोटी कात्री आणा. ती दाबली की कापते आणि सोडली की आपली आपण उघडते, अंगठ्याला छिद्रातून जोर लावावा लागत नाही. जाड पुठ्ठा तिच्यानं कापत नाही, तो तरण्याताठ्या साठीवाल्यांकडे द्या. क्विलिंगच्या, म्हणजे गुंडाळून नक्षी करायच्या, ३ मिलिमीटरच्या कागदी पट्ट्या दुकानदार गळ्यात मारेल. घेऊ नका, १० मिलिमीटरच्या मागा आणि पेन्सिलीवर गुंडाळा.

रंगांचं एक. वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, निळा-हिरवा यातला फरक आणि फिके रंग नीट कळत नाहीत. म्हणून पांढऱ्यावर फिका पिवळा, आकाशीवर पोपटी, असलं काही नको. वसंताचा पिवळा हवाच असेल तर गर्द हिरव्यावर ठेवा.

डिंक म्हणाल तर मैद्याची खळ सर्वांत बरी, रोज ताजी. पूर्वी कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचे, ते विष आहे, अजिबात नको. फेव्हिक्विक टेबलावर दिसलं तर उचलून खिशात टाका. (मी डॉक्टर नाही, थेरपिस्टही नाही. बोटं फार दुखत असतील, सूज असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. सलग तासन्‌तास बसवू नका, हे मात्र मी कुणाला न विचारता सांगते.)

आणि कूलर! चैत्रात आपल्याकडे कूलर सुरू होतात, हे सजावट करताना कोणाच्या डोक्यात नसतं. त्याच्या झोतासमोर क्रेप दमट होऊन मान टाकतो, वर त्याचा रंग सुटतो. पळस कूलरच्या विरुद्ध भिंतीला टांगू नका, बाजूच्या भिंतीला टांगा. खिडकीतलं ऊन थेट पडत असेल तर पतंगी कागदाचा रंग चार दिवसांत उडतो, तिथे चैत्रांगणाचा पांढरा कागद चालेल.

सामान खजुरी बाजारात मिळतं, दुपारच्या आत जा, नंतर राजवाड्याकडची गर्दी सोसवत नाही. रंगपंचमीच्या दिवशी तर त्या बाजूला फिरकूच नका, गेरमध्ये, म्हणजे रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीत, सापडलात तर कागदासकट रंगून याल. क्रेपचे रोल उघडून बघून घ्या, घडीवर रंग उडालेला माल वरून दिसत नाही. पळसाच्या पाकळ्यांचे पुठ्ठ्याचे साचे माझ्याकडे पडून आहेत. रामबागेच्या बाजूला येणं होत असेल तर तसं इथे लिहा, काढून ठेवते. अर्जाचा हिंदी मसुदाही आहे, त्यातलं हॉलचं नाव तेवढं खोडून देईन.