नवी ईव्ही आणि नागपूरचा मे महिना

भाऊ, घरी आल्या आल्या गाडीला चार्जिंगची गन लावायची सवय आधी सोड. मे महिन्यात 45 अंशांत बुटीबोरीहून आलास की बॅटरी तापलेलीच असते. बॉनेटखालचा पंखा घरघरतोय ना, तोवर हातच लावू नको. मी रात्री अकरानंतर लावतो, पहाटेपर्यंत 80 टक्के होईल असा टायमर ठेवून. फुल करून दिवसभर उन्हात उभी करणं सगळ्यात वाईट. समृद्धीवर जायचं असेल तर कर ना 100, पण निघायच्या तोंडावर. रोज 20च्या खाली नेऊ नको. आणि हो, बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची आहे का ते पुस्तिकेत बघ. तिला अधूनमधून 100 करावंच लागतं, नाहीतर स्क्रीनवरचा टक्क्यांचा आकडा थापा मारायला लागतो.