हॉस्पिटलात मला बाहेर का बसवलं?

प्रश्न: ताई, माझी मुलगी १७ वर्षांची आहे, बारावीला. गेल्या महिन्यात तिचं मनगट फ्रॅक्चर झालं, बाथरूममध्ये पाय घसरला म्हणाली. प्लास्टर झाल्यावर एक सोशल वर्कर बाई आल्या आणि मला म्हणाल्या, आई, तुम्ही जरा बाहेर बसा. वीस मिनिटं मी बाकड्यावर. नंतर कळलं की पोरीला विचारत होत्या, कोणी मित्र आहे का, तो मारतो का, धमकी देतो का. आमच्या घरात असलं काही नाही. आईला बाहेर काढून असं विचारणं बरोबर आहे का? तेव्हापासून ती गप्पगप्प आहे, फोन वाजला की दचकते. पुढच्या बुधवारी प्लास्टर काढायचंय.
— एक आई, डिचोली

उत्तर: ताई, तुम्हाला किती लागलं असेल ते कळतं मला, पण त्या बाईंनी बरोबरच केलं. मी स्वतः बरीच वर्षं हे काम केलंय. एकदा अशीच एक मुलगी आली होती, भर मे महिन्यात फुल बाह्यांचा ड्रेस, आणि मी काहीही विचारलं की उत्तर आईच द्यायची. आई औषधं आणायला खाली गेली तशी पोरीने काही न बोलता बाही वर केली. दंडावर एका बाजूला चार निळे ठसे, दुसऱ्या बाजूला एक. आपल्या बोटांचे पडतात तसेच. आई तिथेच असती तर ती बाही वर झालीच नसती, आणि आई वाईट होती म्हणून नाही हो, कॉलेज बंद होईल या भीतीने.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या गाइडलाइन्समध्येही हेच आहे की असं विचारायचं ते एकटीला, आणि बळजबरीने काही वदवून घ्यायचं नाही. याच संघटनेचा २०२४ चा आकडा सांगते, १५ ते १९ वयाच्या ज्या मुली कुठल्या ना कुठल्या नात्यात आहेत किंवा होत्या त्यांच्यातल्या २४ टक्के मुलींनी जोडीदाराकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसलीय, म्हणजे जगभरातलं मिळून जवळजवळ चारातली एक. मुंबईत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात तर २००० सालापासून यासाठी 'दिलासा' केंद्र आहे.

तुमच्या मुलीचं मनगट खरंच पाय घसरूनच मोडलं असेल, मी इथे बसून काही ठरवत नाही. पण फोन वाजला की दचकणं मला खटकलं. या वयात त्रास नेहमी हाताने मारूनच होतो असं नाही, कुठे आहेस लोकेशन पाठव, पासवर्ड दे, त्याच्याशी का बोललीस, सोडलंस तर फोटो सगळ्यांना पाठवीन, आणि पोरींना वाटतं हेच प्रेम. पाठलाग करणं, नको म्हटल्यावरही मागे लागणं हा गुन्हा आहे, लग्न झालेलं नसलं तरी.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ती १८ च्या आत आहे, त्यामुळे लैंगिक अत्याचाराचं काही समोर आलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे हॉस्पिटलला पोलिसांना कळवावंच लागतं, लपवता येत नाही. हे चांगल्या सोशल वर्कर मुलीला आधीच सांगतात, मगच विचारतात, त्यामुळे त्या बाईंनी तुमच्या मागे काही कारस्थान केलं असं मनात आणू नका.

घरी काय करायचं? "काय सांगितलंस त्यांना" हे विचारू नका, एकदासुद्धा नको. फोन काढून घेऊ नका, तो घेतला की मैत्रिणीही तुटतात आणि पुरावाही जातो, मेसेज असतील तर डिलीट करू नको, स्क्रीनशॉट ठेव एवढंच सांगा. रात्री भांडी आवरताना सहज म्हणा, बाय, काहीही झालेलं असलं तरी मी तुझ्यावर रागावणार नाही आणि कॉलेजही बंद करणार नाही. मग उत्तराची वाट बघत समोर उभं राहू नका, कामाला लागा. दोन दिवस लागतील, दोन महिने लागतील. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे, १८१ बायकांसाठी, मन मोकळं करायला टेली मानसचा १४४१६, आणि अंगावर आलंच तर ११२. हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा, घरातल्या सगळ्यांसाठी म्हणून.

आणि बुधवारी जाल ना, तेव्हा त्या बाईंना भेटायचंय का ते तिलाच विचारा. हो म्हणाली तर या खेपेला कोणी सांगायच्या आधी तुम्हीच म्हणा, "तू जा आत, मी इथे बाकड्यावर आहे."