सशांच्या युनिटसाठी डिग्री सोडू का? फलटणच्या मुलाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: फलटण तालुक्यातला मुलगा, बीएस्सी झूलॉजी सेकंड इयर. घरी दोन एकर, आईच्या चार शेळ्या. एका एजंटने 10 युनिट घ्यायला सांगितलंय, एका युनिटमध्ये 7 माद्या आणि 3 नर, खर्च 3 लाख, पिल्लं कंपनी परत घेणार, मांस आणि फर दोन्हीला "एक्सपोर्ट मार्केट" आहे म्हणे. वडील कर्ज काढायला तयार आहेत आणि मुलगा विचारतोय की कॉलेज सोडून फुल टाइम यात उतरू का.

मित्रा, कॉलेज सोडू नकोस आणि त्या ॲग्रीमेंटवर सही पण करू नकोस. ससे पाळायला माझी ना नाही, उलट तुझ्या विषयाच्या मुलाने ते जरूर पाळून बघावेत. पण तुला जी स्कीम दाखवलीय त्यात धंदा सशांचा नाही, तुला ससे विकायचा आहे.

हिशोबच बघ ना. एक नर 8-10 माद्यांना पुरतो. तुझ्या 10 युनिटमध्ये 70 माद्या आणि 30 नर, म्हणजे 20 नर नुसते पिंजऱ्यात बसून फीड खाणार आणि त्यांचे पैसे तू आधीच भरलेले. ज्याने आयुष्यात एकदा तरी ससे वाढवलेत तो असं युनिट बनवत नाही, विकणाराच बनवतो. दुसरं म्हणजे बायबॅकचा, म्हणजे कंपनी पिल्लं परत घेते त्याचा रेट. आपल्याकडे सशाच्या मांसाला रोजचं गिऱ्हाईक नाही, केरळात खाणारे बऱ्यापैकी आहेत, इथे फलटण-बारामतीच्या मटण मार्केटात कुणी ससा मागतं का ते तूच एका रविवारी उभं राहून बघ. मग खाणारा नसताना कंपनी चढ्या भावाने पिल्लं घेऊन करते काय, तर तीच पिल्लं पुढच्या शेतकऱ्याला नवीन युनिट म्हणून जातात, आणि नवीन शेतकरी यायचे बंद झाले की पिल्लांची उचल पण बंद. 2012 मध्ये तमिळनाडूत पेरुंदुराईला इमूचं (शहामृगासारखा मोठा पक्षी) हेच झालं, 2019 मध्ये इस्लामपूरच्या कडकनाथमध्ये आपले हजारो शेतकरी अडकले, वडिलांना ते नक्की आठवत असेल, त्यांच्याशी बोल.

आता फर. फरसाठी अंगोरा ससा लागतो तो थंड हवेचा, त्याचं सरकारी संशोधन केंद्र हिमाचलात कुल्लूजवळ गारसा इथे आहे, त्यावरूनच समजून घे. अंगोऱ्याची लोकर दर अडीच-तीन महिन्यांनी कातरतात, जनावर जिवंत राहतं. एजंट ज्या न्यूझीलंड व्हाईट, सोव्हिएत चिंचिलाबद्दल बोलतो ते मुख्यतः मांसाचे ससे, त्यांची फर म्हणजे मारल्यावर निघणारं कातडं. मांसासाठी 12 आठवड्यात कापलेल्या सशाचं कातडं पातळ असतं, चांगल्या कातड्याला 5-6 महिने सांभाळावं लागतं, म्हणजे तेवढं खाद्य जास्त. आणि ते कमावून घेणारा, विकत घेणारा तुझ्या जिल्ह्यात कोण? त्यात 2013 मध्ये चीनमधल्या अंगोरा फार्मवर जिवंत सशांची लोकर उपटतानाचा व्हिडिओ आल्यावर युरोपातल्या मोठमोठ्या कपड्यांच्या ब्रँडनी अंगोरा घेणंच थांबवलं. तेव्हा फरचे पैसे हिशोबात शून्य धर.

मांसाचं गणित पण ब्रोशरसारखं नसतं. मादी 31 दिवसांच्या आसपास व्यायते, 6-8 पिल्लं देते हे खरं आहे. पण पिल्लं महिनाभर तरी आईखाली राहतात, मादीला थोडी विश्रांती लागते, उन्हाळ्यात वेत हुकतात, काही पिल्लं जातात, त्यामुळे वर्षाला एका मादीमागे 25-30 पिल्लं विक्रीला आली तरी खूप झाली. ब्रॉयलर ससा 12 आठवड्यात 2 किलोच्या आसपास जातो, त्यातून मांस निघतं एक किलो किंवा जरासं वर. आणि ससा एक किलो वाढायला साधारण साडेतीन-चार किलो खाद्य खातो, ब्रॉयलर कोंबडी दोन किलोच्या आत तेवढी वाढते. म्हणून सगळं फीड विकत आणून कोंबडीशी स्पर्धा होणार नाही. सशाची ताकद एवढीच की तो लसूणघास, बांधावरचं गवत, भाजीचा पाला खाऊन वाढतो, म्हणजे हा घरच्या चाऱ्यावर चालणारा छोटा जोडधंदा आहे, कर्ज काढून करायचा नाही.

फलटणचा उन्हाळा तर विसरूच नकोस. सशाला नीट घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानावाटे टाकतो. 30-32 डिग्रीच्या वर त्याला त्रास सुरू होतो आणि 35 च्या पुढे नर काही काळ निकामी होतात, मादी दाखवली तरी गाभण राहत नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली ससा आडवा पसरून धापा टाकायला लागला, कान हाताला गरम लागले, की काही तासांत जातो. झाडाची सावली, वर गवताचं छप्पर, बाजूला ओली पोती हे आधी, ससे नंतर.

तुला खरंच करून बघायचं असेल तर 4 माद्या आणि 1 नर घे, शेळ्यांच्या शेजारी सावलीत पिंजरे लाव आणि वर्षभर वही ठेव. मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं, नराला तिच्याकडे नाही, ती हाकलते. व्यायच्या आधी ती पोटाचे केस उपटून पेटीत गादी करते, तिथे उगाच हात घालू नकोस. आई दिवसातून एकदाच, तेही चार-पाच मिनिटंच पाजते, नवीन लोकांना वाटतं हिने पिल्लं टाकली आणि ते ढवळाढवळ करतात, त्यातच पिल्लं जातात. पोटं गोल दिसली की समजायचं पाजलंय. कानात खरूज आणि पिल्लांना कॉक्सिडिया (परजीवीमुळे होणारा हगवणीचा रोग) या दोन गोष्टींवर रोज लक्ष ठेव, पिंजरा कोरडा असेल तर अर्धी आजारपणं येतच नाहीत.

आणि एक विचारतो, घरात बोललास का, की ससे कापणार कोण? आई त्यांना हाताने पाला घालणार, लहान भावंडं नावं ठेवणार. मांसासाठी पाळायचे तर हे आधी ठरवावं लागतं, नाहीतर सहा महिन्यांनी 40 ससे होतात आणि कुणाचाच हात उचलत नाही. मांस विकायचं तर अन्न सुरक्षेचं लायसन्स आणि अधिकृत जागी कत्तल, हे पण आलं. रानातला ससा मात्र वेगळा प्राणी, तो 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्याच्या वाटेला जायचं नाही.

राष्ट्रीय पशुधन अभियानाचं 50 टक्के अनुदान गावरान कोंबडी, शेळी-मेंढी, वराह, चारा आणि 2024 पासून घोडा, गाढव, उंट यांच्यासाठी आहे. एजंट सशाला सबसिडी म्हणत असेल तर साताऱ्याला पशुसंवर्धन खात्याच्या ऑफिसात लेखी विचार. आईच्या चार शेळ्यांच्या दहा झाल्या तर ते कितीतरी सोपं, बोकडाला गिऱ्हाईक दारात येतं.

झूलॉजीचं म्हणशील तर औषध आणि लस कंपन्यांमध्ये प्रयोगशाळेतले प्राणी सांभाळायची वेगळी टीम असते, त्यात ससे पण असतात, पुण्यात अशा लॅब आहेत आणि तिथे डिग्रीसोबत जनावर हाताळायचा अनुभव असलेला मुलगा उठून दिसतो. तुझी वर्षभराची वही तिथे दाखवता येईल. व्हेटरनरीचा विचार असेल तर NEET परीक्षा द्यावी लागेल, शिरवळचं कॉलेज तुझ्यापासून जवळ आहे, एकदा जाऊन सशांबद्दल तिथल्या सरांशी बोलून ये. खरं ट्रेनिंग हवं असेल तर केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं कोडाईकनालजवळ मन्नवनूरला केंद्र आहे, मांसाच्या सशांवर काम तिथे चालतं, सुट्टीत जाता येतं का ते पत्र पाठवून विचार.

आत्ता लगेच करायचं म्हणजे सेमिस्टरचा फॉर्म भर, आणि एजंटला सांग की गेल्या वर्षी पिल्लं घेतलेल्या पाच शेतकऱ्यांचे नंबर आणि मांस विकल्याची बिलं दाखव. बिलं आली तर ॲग्रीमेंटच्या कॉपीसकट मला पाठव, वडिलांनी बँकेत जायच्या आधी आपण एकत्र बसून वाचू.