चिंता कमी करण्यासाठी सुगंधी तेलांचं मिश्रण: प्रमाण किती ठेवावं?

लॅव्हेंडर, बर्गमॉट, कॅमोमाइल, चंदन अशी सहा-सात तेलं एकत्र करून चिंतेवर रोल-ऑन बनवायचा आहे, तर प्रमाण किती ठेवावं, असं तुम्ही विचारलंय. मी अशी फॉर्म्युलेशन्स बनवते. माझं ऐकाल तर सहा तेलं घेऊच नका, एकट्या लॅव्हेंडरपासून सुरुवात करा. माझ्या सुरुवातीच्या एका मिश्रणाने मैत्रिणीच्या मनगटावर पुरळ उठलं होतं. त्यात सात तेलं होती, त्यामुळे त्रास नेमका कशाचा हे मला शेवटपर्यंत शोधता आलं नाही. अजूनही वाईट वाटतं.

लॅव्हेंडरच का? त्यातल्या लिनालूल या सुगंधी घटकावर बराच अभ्यास झालाय. 2018 मध्ये जपानच्या कागोशिमा विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांना लिनालूलचा नुसता वास दिला, तर त्यांची अस्वस्थता कमी झाली. वास घेण्याची क्षमता गेलेल्या उंदरांमध्ये हा परिणाम दिसलाच नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण वास नाकापर्यंत पोचणं महत्त्वाचं असेल तर त्वचेवर जास्त तेल ओतून काय मिळणार? 1 टक्का पुरे: 30 ग्रॅम जोजोबा तेलात (हे पातळ करायचं मूळ तेल) 0.3 ग्रॅम लॅव्हेंडर. थेंब मोजू नका, कारण ड्रॉपर बदलला की थेंबाचा आकार बदलतो. 0.01 ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा वापरा.

तेल घेताना लॅव्हेंडुला अँगस्टिफोलिया, म्हणजे खरं लॅव्हेंडरच घ्या. लॅव्हेंडिन (लॅव्हेंडरची संकरित जात) स्वस्त मिळतं, पण त्यात कापूर जास्त असतो, आणि मन शांत करायला मला तो वास चालत नाही. तेलात कोणते घटक किती आहेत हे दाखवणारा जीसी-एमएस चाचणीचा अहवाल मागा.

जुनं तेल हा खरा धोका. हवेशी संपर्क आला की लिनालूलपासून हायड्रोपेरॉक्साइडं तयार होतात आणि त्यांची त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. म्हणून गडद काचेची लहान बाटली घ्या, ती काठोकाठ भरा आणि थंड जागी ठेवा.

बर्गमॉट हवंच असेल तर बर्गाप्टेन (उन्हात त्वचेला त्रास देणारा घटक) काढून टाकलेलं घ्या. साधं बर्गमॉट लावून उन्हात गेलात तर त्वचा भाजू शकते. सुगंध उद्योगाच्या मानकांत उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेसाठी त्याची मर्यादा 0.4 टक्के आहे.

आणि हो, तेल पिऊ नका. लॅव्हेंडरच्या 80 मिलिग्रॅम कॅप्सुलची 2010 मध्ये लोराझेपाम या चिंतेवरच्या औषधाशी तुलना झाली आणि ती कमी पडली नाही, हे खरं. पण ते ठरावीक प्रमाणाचं औषध आहे, बाटलीतलं तेल नाही.

झोप, काम, जेवण बिघडण्याइतकी चिंता असेल तर रोल-ऑन खिशात राहू द्या, पण आधी डॉक्टरांची वेळ घ्या. चालू गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका.