मराठीत आत्मचरित्र, कादंबरी आणि ख्रिस्ती भक्तिपर वाचन: सुरुवात कुठून करू?

सरळ लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ उचला. वडिलांचं कमालीचं सोवळं, मग १८९५ मध्ये नवऱ्याने घेतलेला बाप्तिस्मा आणि त्यानंतरची ताटातूट. रडवेल असं वाटतं, पण बाई हसवत हसवत सांगतात. नवरा म्हणजे कवी ना. वा. टिळक. तिथून त्यांच्या अभंगांकडे आणि ‘ख्रिस्तायन’कडे जाता येतं. ते अपुरं राहिलेलं काव्य लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केलं.

कादंबरी हवी तर बाबा पद्मनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७). विधवांच्या हालांवर आहे. प्रचारकी वाटेल, तरी वाचाच. फादर स्टीफन्सचं १६१६ चं ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध आहे. ते मनात नको, मोठ्याने वाचा. आजची भाषा हवी असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’.