९७ टक्के अचूकता, तरी द्राक्षबागेचे मजूर संशयित का?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या नोकरीच्या ग्रुपांतल्या जाहिरातींवर महाबर्ट (मराठी मजकुरासाठीचं भाषा-मॉडेल) शिकवलं, मानवी तस्करी ओळखण्याची अचूकता ९७ टक्के आली, पण नव्या जाहिराती दिल्या की ते द्राक्षबागेच्या मजुरांच्या साध्या जाहिरातींनाच पकडतं.

मॉडेल बदलू नका, डेटा कसा विभागलात ते बघा. एकच एजंट तीच जाहिरात गावाचं नाव बदलून अनेक ग्रुपांत टाकतो. रँडम स्प्लिटमध्ये, म्हणजे जाहिराती चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटल्या की, तिच्या प्रती ट्रेनिंगमध्येही (शिकवण्याच्या भागात) जातात आणि टेस्टमध्येही (तपासणीच्या भागात), आणि मॉडेल फोन नंबर पाठ करतं. म्हणून आधी नंबर एकसारखे करा: देवनागरी अंक, अक्षरांत लिहिलेले आकडे, मधली टिंबं, +९१. मिनहॅशने (जवळपास सारखा मजकूर शोधणारी पद्धत) मजकूर आणि पर्सेप्च्युअल हॅशने (दिसायला सारखे फोटो ओळखणारी पद्धत) फोटो जुळवा. ज्यांचं काहीही जुळतं त्यांचा एक गट, आणि अख्खा गट एकाच बाजूला. नेटवरून उचललेला विमानाचा फोटो मात्र जोडणीतून वगळा, नाहीतर अर्धं शहर एकाच गटात येईल. ट्रेनिंगच्या मजकुरातले नंबर झाका. गुण घसरतील, तोच खरा आकडा.

'राहणं-जेवण मोफत', 'जोडी हवी', 'उचल मिळेल' हे निफाड-दिंडोरीत छाटणीच्या हंगामात सरळ जाहिरातींतही असतं. अशा जाहिराती आणि सातपूर-अंबडच्या हेल्परच्या जाहिराती निगेटिव्हमध्ये, म्हणजे 'तस्करी नाही' या उदाहरणांत, भरपूर घाला. उचलीतून वेठबिगारी होते हे खरं, पण ती जाहिरातीत दिसत नाही, मुकादमाच्या वहीत दिसते.

परदेशाचं वेगळं. 'बँकॉकला डेटा एंट्री, तिकीट फुकट', कंपनीचं नाव नाही, टुरिस्ट व्हिसा: म्यानमारच्या म्यावाडीतल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर भारतीय तरुण असेच नेले गेले. इथे शब्दांपेक्षा ई-मायग्रेटवर (परदेशी नोकरभरतीचं सरकारी पोर्टल) एजंटचा परवाना आहे का, याला जास्त वजन द्या.

आणि हा हिशेब करा. १०,००० जाहिरातींत २० खरोखर तस्करीच्या धरा. तस्करीच्या आणि निर्दोष, दोन्ही जाहिराती ९५ टक्के वेळा बरोबर ओळखणारं मॉडेल १९ पकडेल, पण ४९९ निर्दोषही. त्यामुळे 'तस्कर' असा शिक्का नको, गटांना क्रम द्या आणि वरचे ५० माणसाने वाचून किती खरे निघाले ते मोजा.

संशयित नंबरावर फोन करू नका. तो बंद होतो आणि माग तुटतो. लिंक, स्क्रीनशॉट, वेळ आणि फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) जपून पोलिसांच्या अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे द्या. मूल धोक्यात दिसलं तर गट लावून होण्याची वाट न बघता लगेच १०९८ किंवा ११२.